कंठावरची हळद

मित्रांनो, मी मेलेला पक्षी आहे आणि तरीही मला भीती वाटते. हसू नका. मेल्यावर भीती संपते असं ज्यांना वाटतं, ते कधी काचेच्या कपाटात राहिलेले नसतात.

अहमदपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभाग आहे. तिथल्या कपाटातला मी एक जुना, पेंढा भरलेला पक्षी. जेमतेम मुठीएवढा. अंग राखट तपकिरी, चोच जाड, पाय तारेनं लाकडी ठोकळ्यावर बसवलेले. माझे डोळे काचेच्या मण्यांचे आहेत. डावा मणी मोठा आणि उजवा लहान, त्यामुळे मी सदान्‌कदा दचकलेला दिसतो. बघणाऱ्याला गंमत वाटते, पण माझ्या बाबतीत ते अगदी खरं आहे.

मला पिसं आणि कागद खाणाऱ्या कसरीची भीती वाटते, ओल्या फडक्याची वाटते, कपाटाचं दार जोरात उघडलं की वाटते. पण सगळ्यांत जास्त भीती वाटते ती एका वाक्याची. ‘ही तर साधी चिमणी आहे,’ हे ते वाक्य. बोलणारा सहज बोलून जातो. मला मात्र त्या वाक्यानं खड्ड्याच्या काठापर्यंत नेलं होतं. ती हकीकत सांगायची म्हणजे सुरुवातीपासून सांगायला हवी.

माझा जन्म उमरीजवळचा. रस्त्याकडेच्या एका म्हाताऱ्या कडुलिंबाला ढोली होती, त्या ढोलीत. माझ्या आईला विणकाम यायचं नाही. वाळलेलं गवत, मेंढीची लोकर, कुणाची तरी गळालेली पिसं, जे मिळेल ते चोचीत धरून आणायची आणि ढोलीत कोंबायची. पसारा म्हणजे किती पसारा! पण आत ऊब असायची. ही कोंबाकोंबी लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मोठा झाल्यावर माझ्या गळ्यावर पिवळा ठिपका उमटला. लिंबाच्या पिकल्या पानाएवढा पिवळा, त्याहून जास्त नाही. खांद्यावर विटकरी रंग आला, पंखावर दोन पांढऱ्या रेघा आल्या. फाल्गुनात पळस आणि सावर फुलली की आम्ही त्यांच्या फुलांत तोंड खुपसायचो आणि कपाळाला पराग माखून घ्यायचो. ते दिवस चांगले होते. पण तेव्हाही मी भित्राच होतो. आईनं एकच धडा दिला होता, सावली हलली की उडायचं. शिकरा आधी सावलीतून येतो, मग नखांतून.

एका सकाळी रस्त्यावर सावली हलली. मी आईचं ऐकलं आणि डोळे मिटून उडालो. शिकऱ्यापासून वाचलो, मित्रांनो, पण समोरून नांदेडला निघालेली एसटी आली आणि तिच्या पुढच्या काचेवर मी आदळलो. काच असते हे आईला ठाऊक नव्हतं. त्यामुळे तिनं ते शिकवलं नव्हतं.

त्या गाडीत पुढच्या बाकावर रेणुकादास सर बसले होते. ते अहमदपूरच्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. पुढच्या थांब्यावर ते खाली उतरले आणि त्यांनी मला वायपरमधून अलगद सोडवलं. मग डब्यातली उरलेली भाकरी कंडक्टरच्या हातावर ठेवली, डबा पुसला, मला रुमालात गुंडाळलं आणि डब्यात ठेवलं.

‘‘सर, मेलेलं पाखरू डब्यात?’’ कंडक्टर म्हणाला.

‘‘भाकरी रोज मिळते हो,’’ सर म्हणाले. ‘‘हा रोज मिळत नाही.’’

माझ्याबद्दल कुणी बोललेलं ते पहिलं चांगलं वाक्य. ऐकायला मी जिवंत नव्हतो म्हणा, पण ऐकलं खरं.

अहमदपूरला बस स्टँडजवळ दस्तगीरभाईंचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. तरुणपणी हैदराबादला ते पक्ष्यांत पेंढा भरायचं काम शिकले होते. तालुक्यात त्या कामाला गिऱ्हाईक नव्हतं म्हणून घड्याळांवर पोट चाले. सरांनी डबा उघडला तेव्हा दस्तगीरभाई डोळ्याला भिंग लावून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

‘‘सर, पाखरू लई नाजूक हाय. कातडं कागदावानी. पण करतो मी. तुम्ही आणलं म्हणल्यावर ना कसं म्हणू?’’

त्यांनी मला उसवलं. आतलं सगळं काढलं, कातड्याला आतून सोमल चोळला आणि कापूस भरला. सोमल म्हणजे विष, ते किड्यांना लांब ठेवतं. डोळ्यांसाठी मणी मिळेनात तेव्हा त्यांच्या पत्नी हुसेनबी यांनी आपल्या तुटलेल्या काळ्या पोतीतले दोन मणी काढून दिले. दोन्ही सारख्या मापाचे नव्हते. ‘‘दिसंल की त्याला,’’ हुसेनबी म्हणाल्या, ‘‘ल्हान-मोठं दिसंल, पण दिसंल.’’

मग दस्तगीरभाई चिमट्यानं माझी जीभ काढू लागले, आणि सर कळवळले.

‘‘दस्तगीर, जीभ राहिली असती तर बरं झालं असतं.’’

‘‘जीभ ठेवता येत न्हाई सर. सडती ती.’’

‘‘माहीत आहे. पण याच्या घराण्याची सही तिच्यातच असते.’’

ते वाक्य मला पुढे फार वर्षांनी समजलं. चिमणीच्या घराण्यातल्या पक्ष्यांच्या जिभेत एक चिमुकलं जादा हाड असतं. दाणा चोचीत धरून त्याचं टरफल काढायला ते हाड जिभेला बळ देतं. सुगरणीच्या जिभेत ते नसतं, मुनियाच्याही नसतं. मी कोण हे सांगणारा तो पुरावा दस्तगीरभाईंनी नाइलाजानं कागदाच्या पुडीत टाकून दिला. मी मुका झालो. आता माझ्या वतीनं बोलायला उरली फक्त पायाला बांधलेली चिठ्ठी.

सरांनी सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘पीतकंठी चिमणी, नर. उमरी रस्ता.’ त्याखाली होतं, ‘कूळ : सुगरण.’

हो, सुगरण! त्या काळच्या पुस्तकांत चिमण्यांना सुगरणींच्या घराण्यात बसवलेलं असायचं. त्यामुळे माझी पहिली जागा सुगरणीच्या शेजारी होती. काय तिचा तोरा! पिवळं डोकं, आणि बाजूला तिनं विणलेला तो लांब नळीचा खोपा. तिच्या पलीकडे ठिपक्यांची मुनिया. मुलं यायची, खोपा बघून ‘वाह’ म्हणायची आणि माझ्याकडे बघून पुढे सरकायची. मला ओशाळल्यासारखं व्हायचं. या घराण्यात विणणं येत नाही असा मीच एक! माझ्या आईची ती कोंबाकोंबी आठवायची आणि वाटायचं, कुणाला कळलं तर हाकलतील इथून.

मग एक दिवस सर नवं पुस्तक घेऊन आले. त्यांनी माझी चिठ्ठी सोडली, ‘सुगरण’ शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘चिमणी’. मला उचललं तेव्हा मी मनातून हादरलो होतो. वाटलं, कळलं यांना! पण त्यांनी मला फक्त खालच्या फळीवर ठेवलं, चार घरचिमण्यांच्या ओळीत. वर्गातल्या मुलांना ते म्हणाले, ‘‘चोच सारखी दिसली म्हणजे घर एक नसतं. सुगरण विणते, ही ढोलीत कोंबते. चिमण्यांचं घराणं वेगळं. सुगरण आणि मुनिया या एकमेकींच्या जवळच्या.’’

असा मी चिमण्यांत आलो. आम्ही सख्खे नव्हतो, चुलत म्हणा. त्यांच्यातल्या नरांच्या गळ्यावर काळा पट्टा, माझ्या गळ्यावर पिवळा ठिपका. त्यांच्या पाठीवर काळसर रेघा, माझी पाठ साधी. माझ्या उजव्या हाताला एक मादी बसलेली असे. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात सापडलेली, म्हणून मी तिला मोंढेकरीण म्हणायचो. ज्वारीच्या पोत्यांवर वाढलेली ती, तिला कशाची भीती नव्हती. तिच्या शेजारी मला जरा धीर यायचा.

सर निवृत्त व्हायच्या वर्षी त्यांनी आणखी एक उचापत केली. शेपटी हलवत पाण्याकाठी फिरतो तो धोबी पक्षी त्यांनी वरून काढून आमच्या फळीवर आणला. मुलं हसली. कुठे तो सडपातळ, बारीक चोचीचा धोबी आणि कुठे आम्ही जाड चोचीचे! सर म्हणाले, ‘‘आता रक्तातल्या खुणा वाचता येतात रे. त्या म्हणतात की धोबी आणि शेतात दाणे टिपणारा भारीट हे सुगरणीपेक्षा चिमणीच्या जास्त जवळचे. आणि तो डोंबारी बघा, दिसतो चिमणीसारखा, पण तो चंडोलाच्या घरातला, फार लांबचा.’’ नातं चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं, हे मला तेव्हा कळलं. ऐकून बरं वाटलं आणि भीतीही वाटली. चेहऱ्यावर नसेल तर ते फक्त त्या चिठ्ठीवर होतं, आणि चिठ्ठी कागदाची होती.

सर गेले. आधी कॉलेजातून, मग काही वर्षांनी जगातून.

आमची काळजी तेव्हापासून एकट्या गुंडप्पांकडे आली. गुंडप्पा विभागाचे जुने शिपाई, मूळचे उदगीरकडचे. घरी कानडी बोलायचे, बाहेर मराठी. मिशा पांढऱ्या, खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. माणूस मायेचा. डांबराच्या गोळ्या संपल्या की कुणाला न सांगता स्वतः आणून ठेवायचे. पण त्यांची माया मला कायम धास्तावून टाकायची, कारण ती हातानं व्यक्त व्हायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. सुतार करवत पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो. गुंडप्पा अख्खा विभाग पुजायचे. सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, चिमट्यांना हळदकुंकू, कोपऱ्यातल्या सांगाड्याच्या कपाळाला हळदकुंकू आणि गळ्यात झेंडूची माळ. मग कपाट उघडायचं आणि आमच्यातल्या प्रत्येकाला एकेक बोट. ‘‘तुम्ही बी शिकविताव की पोरांना,’’ असं म्हणत म्हणत. त्यांचं ते जाड बोट माझ्या दिशेनं येताना मी जन्मभर पाहिलेल्या सगळ्या सावल्या आठवायचो. बोट पडायचं पोटावर नाहीतर ठोकळ्यावर, जिथे पडेल तिथे. वर्षामागून वर्षं आमच्या अंगावर हळद साचत गेली. सुगरणीच्या पोटावर, मोंढेकरणीच्या डोक्यावर, माझ्या ठोकळ्यावर, सगळीकडे पिवळं.

मग एका वर्षी छत गळलं. पाणी नेमकं आमच्या कपाटावर पडलं. आम्ही थोडक्यात वाचलो, पण चिठ्ठ्या भिजल्या, शाई पसरली आणि राहिलेलं कसरीनं खाल्लं. गुंडप्पांना रडू आलं होतं, मी पाहिलंय. त्यांनी वहीची पानं कापून नव्या चिठ्ठ्या केल्या. खोप्याशेजारची ती सुगरण, हे त्यांना आठवत होतं. शेपटी हलवणारा तो धोबी. आमच्या ओळीकडे आले आणि थबकले.

‘‘सर सांगत होते बघ तुझं कायतरी,’’ ते मला म्हणाले. ‘‘ध्यानात न्हाई राहिलं.’’

मला जीभ नव्हती, मित्रांनो. माझ्या गळ्याकडे बघा एवढंच मला सांगायचं होतं. त्यांनी बघितलंही. पिवळा ठिपका दिसला. त्यावर ते समाधानानं हसले, कारण त्यांना वाटलं की ही आपलीच दरवर्षीची हळद. आणि माझ्या पायाला त्यांनी चिठ्ठी बांधली, ‘चिमणी’.

चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. कुणी कधी हळद न लावणारा असता, तर त्यानं विचारलं असतं, हे पिवळं कशाचं?

यंदा विभागाला नवी इमारत मिळाली. आणि नव्या प्रमुख आल्या, मनस्विनी मॅडम. लातूरच्या. हुशार, तडफदार, त्यांचा विषय गोड्या पाण्यातले मासे. नव्या खोलीत आमच्यासाठी एकच लहान कपाट होतं. हलवायला आठ दिवस उरले होते. मॅडमनी कंबर कसली आणि नियम काढला, एका जातीचा एकच नग न्यायचा.

त्या आमच्या कपाटापुढे उभ्या राहिल्या तेव्हा माझ्या कापसात धडधड झाली.

‘‘गुंडप्पा, या पाच चिमण्या कशाला?’’

‘‘जुन्या हायती मॅडम. सरांच्या.’’

‘‘एक ठेवू. हा काळ्या गळ्याचा नर चांगला आहे. बाकीच्या काढा.’’ मग त्यांची नजर माझ्यावर आली. त्या वाकल्या. चष्मा सारखा केला. ‘‘याच्या गळ्यावर हे पिवळं काय आहे?’’

विचारलं! मित्रांनो, कुणीतरी शेवटी विचारलं! मला वाटलं, आता सुटलो.

‘‘ती माझीच हळद हाय मॅडम,’’ गुंडप्पा लाजून म्हणाले. ‘‘खंडेनवमीची. समद्यांनाच लावतो.’’

मॅडमनी सुगरणीच्या पोटाकडे पाहिलं, मोंढेकरणीच्या डोक्याकडे पाहिलं, सांगाड्याच्या पिवळ्या कपाळाकडे पाहिलं. त्यांना हसू आलं. ‘‘बरं बरं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हणजे ही पण साधी चिमणीच. यांच्या अंगात सोमल असतो, कचऱ्यात टाकू नका. मागे खड्डा घेऊन पुरून टाका, आणि हात साबणानं धुवा.’’

त्यांचं काय चुकलं? समोर जे दिसत होतं त्यावरून त्यांनी ठरवलं. पण त्या रात्री मी जितका घाबरलो तितका काचेवर आदळतानाही घाबरलो नव्हतो. काच एका क्षणात होऊन गेली होती. हा खड्डा मात्र उद्या होता. मातीत वाळवी असते. वाळवीला सोमल किती दिवस अडवणार? आणि मग उमरी रस्त्यावरचा तो पीतकंठी कधी होता हे कुणालाही, कधीही कळणार नाही. मरणाची भीती माझी संपलेली होती, मित्रांनो. मी कोण होतो ते पुसलं जाण्याची भीती संपलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुंडप्पांनी आम्हा चौघांना बुटांच्या खोक्यात आडवं ठेवलं. वर मोंढेकरीण, मग दोन घरचिमण्या, सगळ्यांत तळाशी मी. विभागाच्या मागे त्यांनी गुडघाभर खड्डा घेतला, घाम पुसला, काठावर उकिडवे बसले आणि तंबाखू मळायला घेतली. डबीतला चुना अंगठ्यानं तळहातावर घेतला, चोळला, चिमूट दाढेखाली धरली. मग खोक्याकडे बघितलं.

‘‘हळदकुकवाचं असं मातीत घालू न्हाई,’’ ते स्वतःशीच पुटपुटले. ‘‘पुसून तरी घेतो.’’

त्यांनी मोंढेकरणीला उचललं, धोतराच्या सोग्यानं तिचं डोकं पुसलं, हात जोडले आणि खड्ड्यात ठेवलं. मग तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी. तिघींवर खोऱ्यानं माती ओढली. माती पडल्याचा आवाज फार लहान होता. आणि मग खोक्यात एकटाच उरलेला मी त्यांच्या हातात आलो.

त्यांनी माझा ठोकळा अंगठ्यानं घासला, चुना लागलेल्याच अंगठ्यानं. ठोकळ्यावरची हळद लालभडक झाली. त्यांना नवल वाटलं नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होते, घरोघरी कुंकू तसंच करत असत. मग त्यांनी तोच अंगठा माझ्या गळ्यावर घासला.

पिवळंच राहिलं.

त्यांनी पुन्हा घासलं. डबीतून आणखी चुना घेतला आणि लावला. माझी पिसं विस्कटली, मी भीतीनं अर्धा झालो होतो, पण गळा पिवळा तो पिवळाच. गुंडप्पांनी मला डोळ्यांजवळ नेलं. तंबाखूचा वास आला. पिसाच्या मुळापर्यंत त्यांनी फुंकर मारून पाहिलं. आतही पिवळं होतं.

‘‘अय्यो,’’ ते म्हणाले. ‘‘ही माझी हळद न्हाईच की.’’

पासष्टीच्या आसपासचा, निवृत्तीनंतरही विभागानं ठेवून घेतलेला तो माणूस. पण मला मुठीत धरून असा पळाला की चप्पल मागेच राहिली. मॅडम टेबलावर पुस्तकांचे गठ्ठे बांधत होत्या.

‘‘मॅडम, ह्याचं पिवळं निघंना झालंय! चुना लावला तरी लाल हुईना! हे ह्याचं सोताचं हाय!’’

मॅडमनी मला हातात घेतलं. या वेळी घाईनं नाही. पंख उलगडला. दोन पांढऱ्या रेघा मोजल्या. खांद्यावरचा विटकरी पट्टा पाहिला, पाठ रेघांशिवाय आहे हे पाहिलं. बांधलेला गठ्ठा सोडून एक पुस्तक काढलं आणि पान उलटत राहिल्या. मग त्यांचं बोट थांबलं.

‘‘पीतकंठी,’’ त्या शेवटी हलक्या आवाजात म्हणाल्या. ‘‘घरचिमणीचा चुलत भाऊ. आपल्या संग्रहात हा एवढा एकच आहे, गुंडप्पा. आणि मी त्याला पुरायला सांगितलं.’’ मग एकदम दचकल्या. ‘‘बाकीच्या तीन?’’

‘‘त्या चिमण्याच होत्या मॅडम.’’

‘‘नक्की? बघितल्या होत्या का आपण?’’

मग दोघं मागे धावली. मला मॅडमनी पदराच्या घोळात धरलं होतं, त्यामुळे मी सगळं पाहिलं. गुंडप्पांनी खोरं घेतलं. मॅडम ओरडल्या, ‘‘खोरं नको, हातानं!’’ पण पहिला घाव पडून गेला होता.

दोन चिमण्या धडधाकट निघाल्या. मोंढेकरीण तिसरी निघाली. तिची मान तुटली होती.

तपासलं तेव्हा तिघी साध्या घरचिमण्याच होत्या. म्हणजे मॅडमचं म्हणणं बरोबर होतं, नियमही बरोबर होता, आणि तरीही त्या दोघांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावर बरोबर असल्याचं समाधान नव्हतं. गुंडप्पा तिचं डोकं तळहातावर घेऊन बसले होते. ‘‘मोंढ्यातली हाय ही,’’ ते म्हणाले. ‘‘सर सांगायचे, आडतीच्या पत्र्याखाली सापडली. आता मोंढ्यात चिमणी कुठं दिसती मॅडम?’’ मॅडमनी खाली बसून तिच्या पंखावरची माती झटकली.

नव्या इमारतीत आम्ही सगळे आलो, एकही नग मागे राहिला नाही. मॅडमनी आपल्या पुस्तकांचा एक कप्पा आम्हाला दिला. मोंढेकरणीचं डोकं दोऱ्यानं शिवलंय, ते जरा वाकडं बसलंय. आमची ओळ आता सरांच्या मनासारखी आहे. चार घरचिमण्या, मी, मग धोबी, मग भारीट. सुगरण आणि मुनिया वरच्या फळीवर एकमेकींजवळ. डोंबारी चंडोलाशेजारी, पार टोकाला.

मी वाचलो म्हणून आनंद झाला का? झाला. पण खरं सांगू, भीती गेलेली नाही. मी खोक्यात तळाशी होतो, म्हणून खड्ड्याजवळ शेवटी राहिलो. मी वरती असतो आणि मोंढेकरीण तळाशी, तर? तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका नव्हता, एवढाच तिचा गुन्हा. वेगळा निघालो म्हणून मला दोन हातांनी उचललं. सगळ्यांसारखी होती म्हणून तिच्यावर माती ओढली. हा विचार मला झोपू देत नाही, आणि काचेच्या डोळ्यांना तशीही झोप नसते.

म्हणून मित्रांनो, तुमच्या खिडकीशी कुणी राखट, मुठीएवढा पक्षी येऊन बसला तर एवढं करा. ‘साधी चिमणीच आहे’ म्हणण्याआधी एकदा गळ्याकडे बघा, एकदा पाठीकडे बघा, ती घर विणते की कोंबते ते बघा. आणि बघून झाल्यावर ती साधी चिमणीच निघाली, तरीही तिला उडवून लावू नका.

परवा खंडेनवमी झाली. गुंडप्पा हळदीची वाटी घेऊन कपाटाशी आले. बोट बुडवलं. माझ्या दिशेनं ते येऊ लागलं आणि मी नेहमीसारखा आतून आकसलो. बोट माझ्यापाशी थांबलं, खाली गेलं आणि लाकडी ठोकळ्यावर टेकलं. मग त्यांनी मोंढेकरणीच्या शिवलेल्या मानेला जपत तिच्याही ठोकळ्याला हळद लावली. ‘‘तुझा रंग तुझा, माझी हळद माझी,’’ ते मला म्हणाले.

माझ्या पायाला आता नवी चिठ्ठी आहे, मॅडमच्या अक्षरातली. सरांची सगळी माहिती तिच्यात आहे. ‘पीतकंठी’ हे नाव ऐकल्यावर उमरी रस्ता तेवढा गुंडप्पांना आठवला. आणि सगळ्यात खाली, लाल शाईत, आणखी एक ओळ आहे. कुठल्याही शास्त्राच्या पुस्तकात अशी ओळ तुम्हाला सापडणार नाही.

‘पीतकंठी चिमणी, नर. उमरी रस्ता. कूळ : चिमणी. गळ्यावरचं पिवळं याचं स्वतःचं आहे, हळद नाही. पुसू नये.’